येणाऱ्या खेळयंत्राची किंमत व शक्ति : अंदाज कसा बांधावा?

मृगाचा पाऊस पडूं लागला, कीं आपल्या टेंभुर्णींत चार माणसें एकत्र जमलीं म्हणजे एकच प्रश्न निघतो : "यंदा उजनी भरेल काय?" या प्रश्नाचें उत्तर देणारे लोक दोन प्रकारचे आढळतात. एक जण आकाशाकडे पाहून उत्तर देतो. दुसरा आधीं विचारतो, कीं पुण्याकडील वरच्या धरणांत पाणी किती सांठलें आहे, तेथून नदींत किती सोडलें आहे, आणि दौंडापाशीं भीमेचा प्रवाह किती मोजला गेला आहे. आणि मग आपलें मत सांगतो. उजनीच्या जलाशयांतील पाणी बव्हंशीं वरूनच येतें, म्हणून ज्यास खालची पातळी सांगावयाची आहे त्यानें वर पाहिलें पाहिजे, हें तो जाणतो. चुकतो तोही, परंतु आपण कोठें चुकलों हें त्यास मागाहून सांपडतें. पहिल्यास तें कधींच सांपडत नाहीं.

ही गोष्ट आठवण्याचें कारण असें, कीं मधल्या सुटींत नववीच्या कांहीं मुलांनीं मला गांठून विचारलें, "सर, पुढचें प्लेस्टेशन केव्हां येणार, केवढ्यास मिळणार, आणि किती जोरदार असणार?" मीं उलट त्यांचेंच मत विचारलें. एकानें चाळीस हजार सांगितले, दुसऱ्यानें एक लाख. कारण विचारतां पहिला म्हणाला, "मामा म्हणत होते," आणि दुसरा म्हणाला, "मोबाइलवर पाहिलें." दोन्ही उत्तरें आकाशाकडे पाहून दिलेलीं होतीं. तेव्हां या वर्षींच्या अंकांत, असा अंदाज नीट कसा बांधावा, हें सांगण्याचें मीं त्यांस कबूल केलें. पालकांनींही हा लेख वाचावा. कारण हौस मुलांची असली, तरी पैसा त्यांचा आहे.

ज्यांस हें यंत्र ठाऊक नाहीं त्यांच्याकरितां प्रथम दोन शब्द. कन्सोल म्हणजे मुख्यतः खेळासाठींच बनविलेला संगणक. तो दूरदर्शनसंचास जोडतात आणि हातांतील बटनांच्या साधनानें चालवितात. सोनी, मायक्रोसॉफ्ट व निन्तेन्दो या तीन कंपन्या या धंद्यांत प्रमुख आहेत. घरच्या साध्या संगणकाचे भाग बदलून त्याची शक्ति वाढवितां येते. कन्सोलची तशी वाढवितां येत नाहीं. जी शक्ति पहिल्या दिवशीं, तीच सहा-सात वर्षें. म्हणूनच नवें यंत्र येण्यापूर्वीं त्याच्या शक्तीविषयीं व किंमतीविषयीं इतकी चर्चा चालते.

आतां पहिला प्रश्न : केव्हां? सोनीचें पहिलें प्लेस्टेशन डिसेंबर १९९४ मध्यें निघालें, दुसरें मार्च २००० मध्यें, तिसरें नोव्हेंबर २००६ मध्यें, चौथें नोव्हेंबर २०१३ मध्यें व पांचवें नोव्हेंबर २०२० मध्यें. मधलीं अंतरें मांडून पाहा : सव्वापांच वर्षें, पावणेसात वर्षांच्या आसपास, सात वर्षें, सात वर्षें. अंतर कमी कधींच झालें नाहीं. या हिशेबानें सहाव्या यंत्राची वाट नोव्हेंबर २०२७ च्या आधीं पाहूं नये. ऑक्टोबर २०२५ मध्यें सोनीचे यंत्ररचनाकार मार्क सर्नी यांनीं, चिप बनविणाऱ्या ए.एम.डी. या कंपनीसमवेत, पुढील यंत्रासाठीं चाललेल्या कांहीं नव्या युक्त्या जाहीरपणें समजावून दिल्या. तेव्हां त्यांनींच सांगितलें, कीं या युक्त्या अद्याप संगणकावरील नमुन्यांतच आहेत आणि कांहीं वर्षांनीं त्या कन्सोलांत आणण्याची उमेद आहे. यावरून २०२७ ची अखेर किंवा २०२८ असें म्हणणें वाजवी ठरतें.

दुसरा प्रश्न शक्तीचा. येथें 'टेराफ्लॉप' हा शब्द मुलांच्या तोंडीं फार असतो, परंतु त्याचा अर्थ थोड्यांस ठाऊक असतो. दशांशयुक्त संख्यांची एक बेरीज किंवा एक गुणाकार ही एक क्रिया. एका सेकंदांत अशा एक लाख कोटि क्रिया करण्याचें सामर्थ्य म्हणजे एक टेराफ्लॉप. चित्रें रेखाटणाऱ्या चिपांत शेंकडों लहान गणक असतात. प्रत्येक गणक घड्याळाच्या प्रत्येक ठोक्यास एक गुणाकार व एक बेरीज, अशा दोन क्रिया करितो. म्हणून सूत्र सोपें आहे : गणकांची संख्या, गुणिले दोन, गुणिले दर सेकंदाचे ठोके.

हें वहींत मांडून पाहा. चौथ्या प्लेस्टेशनांत १,१५२ गणक आणि सेकंदास ८० कोटि ठोके. १,१५२ × २ × ८० कोटि = १,८४,३२० कोटि, म्हणजे १.८४ टेराफ्लॉप. पांचव्यांत २,३०४ गणक आणि जास्तींत जास्त २२३ कोटि ठोके. २,३०४ × २ × २२३ कोटि = १०,२७,५८४ कोटि, म्हणजे १०.२८ टेराफ्लॉप. शक्ति साडेपांच पटींहून थोडी अधिक वाढली. गणक केवळ दुप्पट झाले. बाकीची वाढ ठोक्यांनीं दिली. म्हणून कोणी पुढच्या यंत्राचा एखादा मोठा आंकडा सांगितला, तर त्यास एवढेंच विचारावें : "गणक किती धरले, आणि ठोके किती?" जो हें सांगूं शकत नाहीं त्याचा आंकडा ऐकून सोडून द्यावा.

ही शक्ति केवढी, याची कल्पना आपल्याच प्रांतांतील एका उदाहरणानें येईल. अमेरिकेकडून महासंगणक मिळण्यास अडचण आली, तेव्हां १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं तिनें तीन वर्षांच्या मुदतींत, सेकंदास शंभर कोटि क्रिया हें ध्येय ठेवून काम केलें आणि १९९१ सालीं 'परम ८०००' सिद्ध केला. त्याच मालिकेंतील 'परम पद्म' एका टेराफ्लॉपाच्या घरांत पोहोंचला, आणि जून २००३ मध्यें जगांतील पांचशें बलाढ्य संगणकांच्या यादींत १७१ वा आला. त्यानंतर दहा वर्षांनीं १.८४ टेराफ्लॉपांचें खेळयंत्र लोकांच्या बैठकींत दूरदर्शनाखालीं येऊन बसलें. दोहोंच्या मोजणींतील सूक्ष्मता भिन्न असल्यानें ही तुलना तंतोतंत नव्हे. महासंगणकाची मोजणी अधिक कडक असते. तरी वाढीचा वेग त्यावरून ध्यानांत यावा.

परंतु हाच वेग पुढेंही राहील असें समजणें ही मोठी चूक होय. स्मृतीचें उदाहरण घ्या. दुसऱ्या प्लेस्टेशनांत मुख्य स्मृति ३२ मेगाबाइट होती. तिसऱ्यांत एकूण ५१२ मेगाबाइट. चौथ्यांत ८ गिगाबाइट. पांचव्यांत १६ गिगाबाइट. म्हणजे पहिल्यानें सोळापट, मग पुन्हां सोळापट, आणि शेवटीं केवळ दुप्पट! पूर्वीं चिपांचे भाग जितके बारीक होत तितके ते स्वस्तही होत. आतां बारीक करण्याचा खर्चच इतका वाढला आहे, कीं स्वस्ताई मागें पडली आहे. यास्तव रचनाकारांनीं दुसरी वाट धरली. चित्र आधीं कमी बारकाव्यानें काढावयाचें आणि उरलेला बारकावा, अनेक चित्रें दाखवून शिकविलेल्या यंत्रबुद्धीकडून भरून घ्यावयाचा. नोव्हेंबर २०२४ मध्यें निघालेल्या 'पांचवें प्लेस्टेशन प्रो' या १६.७ टेराफ्लॉपांच्या यंत्रांत ही युक्ति आहे. म्हणून येणाऱ्या यंत्राची पारख केवळ टेराफ्लॉपांनीं करणें म्हणजे उसाची पारख केवळ उंचीवरून करण्यासारखें आहे. रस किती व साखर किती, हें उंची सांगत नाहीं.

तिसरा प्रश्न किंमतीचा, आणि तो सर्वांत अवघड आहे. कारण शक्ति गणितानें ठरते. किंमत माणसें ठरवितात. किंमतीचा प्रवाह तीन ठिकाणांहून येतो.

पहिला उगम घडणावळीचा खर्च. परंतु किंमत खर्चाहून अधिकच असते असें नाहीं. तिसरें प्लेस्टेशन २००६ सालीं अमेरिकेंत निघालें, तेव्हां त्याच्या मोठ्या प्रकारची किंमत ५९९ डॉलर होती. आणि आयसप्लाय या संस्थेनें तें उघडून, सुटे भाग व जुळणी यांचा खर्च सुमारें ८४० डॉलर काढला होता. मग कंपनी तोटा कां सोसते? कारण पुढें विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळांत तिचा वांटा असतो. यंत्र हें दार आहे. मिळकत दारांतून आंत गेल्यावर होते.

दुसरा उगम प्रतिस्पर्धी. १९९५ च्या मे महिन्यांत अमेरिकेंतील एका प्रदर्शनांत सेगा कंपनीनें आपल्या यंत्राची किंमत ३९९ डॉलर सांगितली. मागाहून सोनीचे स्टीव्ह रेस व्यासपीठावर आले, "२९९" एवढेंच बोलले आणि खालीं उतरले. २०१३ सालीं मायक्रोसॉफ्टनें ४९९ सांगितले, सोनीनें ३९९. २०२० सालीं तर दोघेही सप्टेंबरपर्यंत एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसले, आणि अखेरीस दोघांच्याही मुख्य यंत्राची किंमत ४९९ च निघाली.

तिसरा उगम गिऱ्हाइकाचा खिसा. जी किंमत ऐकून सामान्य कुटुंब पाठ फिरवील ती कंपनीस परवडत नाहीं. ५९९ डॉलरांच्या अनुभवानंतर सोनीनें पुढचें यंत्र ३९९ ला आणलें, हें लक्षांत ठेवावें.

परदेशची किंमत कळली, तरी आपलें काम अर्धेंच झालें. आपल्याकडील किंमतींत रुपयाचा भाव, आयात जकात, वस्तु-सेवा कर, वाहतूक व विक्रेत्याचें कमिशन हीं सर्व मिसळतात. अमेरिकेंतील किंमत तेथील विक्रीकर न धरतां सांगतात, ही गोष्टही विसरूं नये. चौथें प्लेस्टेशन जानेवारी २०१४ मध्यें भारतांत ३९,९९० रुपयांस आलें. ३९९ डॉलरांचे त्या वेळच्या सुमारें ६२ रुपये भावानें २४,७३८ रुपये होतात. म्हणजे आपण १.६ पट दिले. पांचवें प्लेस्टेशन २ फेब्रुवारी २०२१ रोजीं ४९,९९० रुपयांस आलें. ४९९ डॉलरांचे सुमारें ७३ च्या भावानें ३६,४२७ रुपये, म्हणजे १.३७ पट. यास आपण 'आपला गुणक' म्हणूं. डॉलरांतील किंमतीस रुपयाच्या भावानें गुणावें आणि मग या गुणकानें गुणावें, म्हणजे येथील किंमतीचा अदमास निघतो.

आतां माझ्या स्वतःच्या एका चुकीची हकीकत सांगतों. कारण वरील सर्व विवेचन मला त्या चुकीनेंच शिकविलें.

२०२१ च्या उन्हाळ्यांत आपल्या शाळेंतील एका विद्यार्थ्याचे वडील मजकडे आले. महामार्गावर त्यांचें टायरांचें दुकान आहे. थोडी उसाची शेतीही आहे. मुलास त्यांनीं शब्द दिला होता आणि पन्नास हजार रुपये बाजूस ठेविले होते. "सर, आतां घ्यावं कीं थांबावं?" असें त्यांनीं विचारलें. मीं मोठ्या आत्मविश्वासानें उत्तर दिलें, "थांबा. दुसरें प्लेस्टेशन अमेरिकेंत २९९ ला निघालें, दोन वर्षांत १९९ ला आलें. चौथें ३९९ ला निघालें, तीन वर्षांत २९९ ला आलें. हेंही उतरेल." ते थांबले. दीड वर्ष गेलें. २०२२ ची दिवाळी होऊन ते यंत्र घ्यावयास निघाले, तों नोव्हेंबरांत कंपनीनें भारतांतील किंमत ४९,९९० वरून ५४,९९० केली!

मुलास दिलेला शब्द त्यांनीं पाळला. अधिकचे पांच हजार त्यांनीं थोरल्या मुलीच्या सायकलीसाठीं ठेविलेल्या पैशांतून घातले. ती मुलगीही आपल्याच शाळेंत होती, आणि ती सायकल पुढच्या वर्षावर गेली. मी क्षमा मागावयास गेलों, तेव्हां ते म्हणाले, "असूं द्या सर. उभ्या उसाचं टन आम्हीही असंच धरतो; खरं काय तें काट्यावर गेल्यावर कळतं." त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता, म्हणून तें मला अधिक लागलें. सकाळीं शाळेच्या फाटकांतून ती मुलगी पायीं येतांना दिसे, तेव्हां माझा तो आत्मविश्वास मला आठवे.

माझी चूक कोणती? माझीं उदाहरणें खोटीं नव्हतीं. परंतु पूर्वींच्या किंमती कां उतरल्या, हें मीं विचारलेंच नाहीं. चिपा वर्षागणिक स्वस्त होत होत्या, म्हणून त्या उतरल्या. तो वरचा झरा आटत चालला होता आणि मी मात्र खालची जुनी पातळी पाहून भाकीत केलें. पुढें हेंच जगभर दिसलें. ऑगस्ट २०२५ मध्यें अमेरिकेंतही पांचव्या प्लेस्टेशनची किंमत ४९९ वरून ५४९ डॉलर झाली, म्हणजे जन्मानंतर जवळजवळ पांच वर्षांनीं यंत्र महागलें. २०२५ च्या उत्तरार्धांत यंत्रबुद्धीसाठीं उभारल्या जाणाऱ्या प्रचंड संगणकगृहांनीं स्मृतीच्या चिपांची मागणी इतकी वाढविली, कीं त्यांचे भाव जोरानें चढले. आणि कन्सोलांस त्याच चिपा लागतात. त्याच वर्षीं डिसेंबरांत एका डॉलरास ९० रुपयांहून अधिक मोजावे लागले.

तेव्हां आतां माझा अंदाज मांडतों. परंतु या वेळीं एक आंकडा न देतां दोन टोकें देतों, आणि कारणें सांगतों. शक्ति : गणकांची व ठोक्यांची वाढ मागील खेपेहून कमी धरून, पांचव्या यंत्राच्या तिप्पट ते चौपट, म्हणजे ३० ते ४० टेराफ्लॉप, स्मृति २४ ते ३२ गिगाबाइट. किंमत : अमेरिकेंत ५४९ ते ६९९ डॉलर. खालचें टोक पांचव्या यंत्राच्या २०२५ मधील वाढीव किंमतीवरून घेतलें, वरचें 'प्रो' यंत्राच्या २०२४ मधील पहिल्या किंमतीवरून. डॉलरास ९० रुपये धरले. गुणक १.१५ ते १.४ धरला, कारण तो उतरत आलेला आहे, आणि २०२५ च्या वाढीनंतर ५४९ डॉलर व येथील ५४,९९० रुपये ताडून पाहिल्यास तो १.१५ च्या आसपास येतो. ५४९ × ९० × १.१५ म्हणजे सुमारें ५७,००० रुपये. ६९९ × ९० × १.४ म्हणजे सुमारें ८८,००० रुपये. अंतर मोठें आहे खरें; परंतु जितकें आपणांस ठाऊक नाहीं तितकें अंतर ठेवणें हाच प्रामाणिकपणा. स्मृतीचे भाव उतरले तर मी खालच्या टोकाकडे झुकेन. रुपया आणखी घसरला किंवा जकात वाढली तर वरच्या टोकाकडे.

पालकांस एकच विनंति. यंत्राची किंमत जाहीर होण्यापूर्वींच घरांत बसून आपली मर्यादा ठरवावी, आणि तींत खेळांचा खर्च धरावा. पांचव्या प्लेस्टेशनच्या आरंभीं कंपनीच्या मोठ्या खेळांची किंमत आपल्याकडे प्रत्येकीं ४,९९९ रुपये होती. असे दहा खेळ घेतले म्हणजे दुसरें यंत्रच घेतल्यासारखें झालें. आणि "थांबा, स्वस्त होईल" असें कोणी सांगितल्यास, मग तो शिक्षक कां असेना, "कशावरून?" असें अवश्य विचारावें.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस एक काम देतों. वहीचें एक पान काढा. त्यावर आजची तारीख घाला. यंत्राची शक्ति व किंमत यांचीं आपापलीं दोन टोकें लिहा. प्रत्येकाखालीं कारण लिहा. आणि कोणती बातमी आल्यास आपण मत बदलूं, हेंही लिहा. कारणावांचून आंकडा लिहूं नका. पान घडी करून याच अंकांत ठेवा. यंत्र बाजारांत येईल त्या दिवशीं तें उघडा आणि माझ्या आंकड्यांशेजारीं ठेवून पाहा. तोंवर तुमच्यापैकीं पुष्कळ जण ही शाळा सोडून गेलेले असतील. तरी माझा अंदाज चुकला असल्यास येऊन सांगावें, आणि वरचा कोणता झरा मीं पाहावयाचा राहिलों तें दाखवून द्यावें. मला राग येणार नाहीं.